एक फाडायचा, एक बसवायचा

ऑइल फिल्टर म्हणजे काय हे वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हतं. ते तसंच राहिलं असतं तर एका चांगल्या माणसाला माझ्यामुळे नाशिक सोडावं लागलं नसतं. आमच्या घरात ही हकीकत पुष्कळदा सांगितली गेली आहे, पण जी सांगितली जाते ती खोटी आहे. खरी कागदावर उतरवायला मी फार वर्षं घेतली. भित्रेपणा, दुसरं काय.

माझे वडील देवळालीच्या लष्करी वर्कशॉपात स्टोअरकीपर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. तीस वर्षं त्यांनी गाड्यांचे सुटे भाग मोजले, रॅकवर लावले आणि सही घेतल्याशिवाय एक वॉशरसुद्धा कुणाला दिला नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका लिलावात जुनी इंग्लिश बनावटीची मोटार निघाली. काळी, गोल पाठीची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. दादांनी ती घेतली. नाशिक रोडच्या आमच्या बौद्ध वस्तीत तोवर सायकली होत्या आणि दोन स्कूटरी होत्या. मोटार पहिली आमची. जयंतीच्या मिरवणुकीत ती पुढे असायची आणि दादा मागच्या सीटवर कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.

मागच्या सीटवर, कारण गाडी चालवायची त्यांना भीती वाटायची. एकदाच त्यांनी प्रयत्न केला होता आणि गाडी थेट सार्वजनिक नळाच्या ओट्यावर चढवली होती. हंडे चेपले. आई महिनाभर पाण्याला गेली की बायका तिला विचारायच्या, आज चालत आलात का. त्यानंतर दादांनी स्टीअरिंगला हात लावला नाही. मला भाऊ नव्हता. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते, आणि दादा एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "ही शिकेल."

हे थोरल्या काकांच्या कानावर गेलं आणि ते तडक घरी आले. थोरले काका म्हणजे दादांचे मोठे भाऊ. त्यांच्यापुढे दादा आवाज चढवत नसत. पोरीच्या हातात मोटार, तीही हमरस्त्यावर, उद्या हिला कोण करून घेणार, असं त्यांनी बरंच ऐकवलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्यासमोर मला म्हणाले, "चालव. पण तुझ्या हलगर्जीपणानं गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर किल्ली त्याच दिवशी काकांच्या हातात देईन. मग पुन्हा स्टीअरिंगवर बसायचं नाव नाही." मी हो म्हटलं. दादा दिलेला शब्द मोडत नाहीत हे काकांना माहीत होतं, म्हणूनच ते चहा पिऊन गप्प निघून गेले.

मला चालवायला शिकवलं मिस्त्रीनं. हा मालेगावकडचा माणूस. तरुणपणी तिथल्या पॉवरलूमवर मागांची दुरुस्ती करायचा, मग नाशकात येऊन मोटारींच्या नादी लागला. देवळालीच्या रस्त्यावर त्याची पत्र्याची शेड होती. नवीन गाड्यांना तो हात लावत नसे. देवळाली कॅम्पातल्या बंगल्यांत पाच-सहा म्हातारे साहेबलोक होते, त्यांच्या जुन्या मोटारी आणि आमची एक, एवढ्यावर त्याचं भागायचं. बोलणं कमी. दादांची किल्लीची अट मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितली होती. मी क्लच चुकवला की "गिअरला दुखतं, ताई" एवढंच म्हणायचा. दोन महिन्यांत त्यानं मला गाडी चालवायला शिकवलं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इंजिनाचा आवाज ऐकायला शिकवलं. ज्या दिवशी मी एकटीनं शेडपासून घरापर्यंत गाडी आणली, त्या दिवशी तो सायकलवरून मागे मागे आला होता आणि कोपऱ्यावरूनच परत गेला होता. ते मला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

आता फिल्टर. आमच्या गाडीच्या इंजिनाला एका बाजूनं तांब्याएवढी लोखंडी वाटी होती. तिच्या आत घड्याघड्यांच्या कागदाचा एक गोल डबा बसायचा. इंजिनातलं तेल त्या कागदातून गाळून पुढे जातं, धातूचा चुरा नि काजळी कागदावर राहते. वाटीच्या काठाला रबराची रिंग, खालून एक लांब बोल्ट, झालं. गाडी काही मैल चालली की आतला तो कागदाचा डबा बदलायचा. परदेशी माल मिळेनासा झाला होता आणि दुकानात जे यायचं त्यातलं निम्मं नकली. खोकं तसंच, छपाई तशीच, वर इंग्लंडचं नाव, आणि आत वहीचे पुठ्ठे.

यावर मिस्त्रीची एक पद्धत होती. तो फिल्टर कधी एक घ्यायचा नाही, एकाच खेपेतले दोन घ्यायचा. आधी दोन्ही हातात घेऊन वजन बघायचा, ओठ लावून फुंकर मारायचा; हवा सुळकन निघून गेली की तिथेच परत. मग शेडमध्ये आल्यावर एक फाडायचा. घड्या मोजायचा, डिंकाचा वास घ्यायचा, कागदाची एक पट्टी कापून इंजिनाच्या तेलात टाकायचा आणि स्टोव्हवर तेल तापवायचा. निवल्यावर ती पट्टी दोन बोटांत चोळायची. तशीच राहिली तर दुसरा फिल्टर गाडीला. लगदा झाला तर दुसराही उकिरड्यावर, तो कितीही चांगला दिसो. "एक फाडायचा, एक बसवायचा," तो म्हणायचा. "फाडल्याबिगर काय कळत नाय."

दादांना ही पद्धत फार आवडायची. वर्कशॉपातही माल आला की एक नग तोडून बघत, त्यामुळे दादांना मिस्त्री आपल्या पंथातला वाटायचा. ते त्याला अहो-जाहो करायचे. त्या काळी मिस्त्री लोकांना कुणी अहो-जाहो करत नसे.

मला मात्र तो सगळा प्रकार म्हणजे दोन म्हाताऱ्या माणसांची पूजाअर्चा वाटायची. धडधाकट वस्तू आणायची नि करवतीनं कापायची! माझं डोकं तसं लवकर तापतं. शाळेतून दमून यायचं, सायकलीवरून द्वारकेच्या चौकापर्यंत जायचं, दोन-दोन फिल्टर आणायचे, मग स्टोव्हपाशी बसलेल्या मिस्त्रीचं तोंड बघत उभं राहायचं. पाच वर्षांत फक्त एकदा पट्टीचा लगदा झाला होता. मी मनातल्या मनात हिशेब करून टाकला की हे सगळं उगाच आहे. एकदा झाला होता, म्हणजे एकदा गाडी वाचली होती, असा उलटा विचार मला सुचला नाही.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. थोरल्या काकांच्या मुलीचं लग्न चांदवडला ठरलं. मे महिना. काकांनी, त्याच थोरल्या काकांनी, घरी येऊन जरा इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, वऱ्हाडातल्या मोठ्या माणसांना आपल्या मोटारीतून नेता येईल का. मुलाकडचे लोक जरा वरच्या नोकऱ्यांतले होते. मी अशी काही फुलले की विचारू नका. ज्या माणसानं माझ्या हातात किल्ली नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, तो आता माझ्या शेजारच्या सीटवर बसून मांडवाशी उतरणार होता.

लग्नाला चार दिवस राहिले होते. मिस्त्रीनं तेल बदलायला काढलं आणि मला फिल्टर आणायला सांगितलं. मी द्वारकेला गेले. नेहमीच्या दुकानात आमच्या मापाचा एकच नग शिल्लक होता. दुकानदार म्हणाला, पुढची खेप पंधरा दिवसांनी. मी खोकं उघडून बघितलं. स्वच्छ, पांढरा कागद, एकसारख्या घड्या. फुंकर मारली, हवा अडकत अडकत गेली. आणखी दोन दुकानं पालथी घातली, कुठेच नाही. ऊन मी म्हणत होतं. जुनाच फिल्टर ठेवून गेलो असतो तरी चांदवडपर्यंत काही बिघडलं नसतं, हे मला आज कळतं. पण मिस्त्रीनं जुना काढून फेकला होता, आणि एकच आणला असं सांगितलं तर तो बसवणार नाही, गाडी शेडमध्ये राहणार, काका बसनं जाणार आणि जन्मभर मला टोमणे मारणार, हे सगळं मला त्या चौकातच दिसायला लागलं.

शेडमध्ये गेल्यावर मी खोकं त्याच्या हातात दिलं. त्यानं विचारलं, "दुसरा?"

"घरी फाडला," मी म्हटलं. "आईच्या स्टोव्हवर तेल तापवून बघितलं. पट्टी चांगली राहिली."

"आणली का पट्टी?"

"फेकली. तुमचा वेळ वाचावा म्हणून घरीच केलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. संशयानं नव्हे, हे मला पक्कं आठवतं. त्याला कौतुक वाटत होतं. "लय शिकलात, ताई," तो म्हणाला आणि वाटी पुसून फिल्टर बसवायला घेतला. रिंग त्यानं बोटानं फिरवून फिरवून खाचेत बसवली. मी शेजारी उभी होते. वर्गातल्या मुलींना मी रोज खोटं बोलू नका म्हणून सांगत होते, आणि मला त्या क्षणी फक्त सुटका झाल्यासारखं वाटलं.

नवरी बाकीच्या वऱ्हाडाबरोबर आदल्या दिवशीच चांदवडला गेली होती. आम्ही लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो. पुढे माझ्याशेजारी थोरले काका, फेटा बांधून. मागे दादा, आई आणि काकू. आडगाव गेलं, ओझर गेलं. काका येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रककडे असे बघत होते, जणू गाडी तेच चालवत आहेत. पिंपळगावपाशी कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्यातून वाट काढत पुढे आलो. शिरवाड्याच्या फाट्याच्या अलीकडे माझी नजर तेलाच्या दाबाच्या काट्याकडे गेली. तो जिथे असायचा तिथे नव्हता. मला वाटलं मीटर बिघडला असेल. मिस्त्रीनं शिकवलं होतं, काटा पडला की आधी इंजिन बंद, विचार नंतर. मी विचार आधी केला. शेजारी काका बसले होते ना. अर्धा मैल आणखी गेले असेन, तेवढ्यात बॉनेटखालून ठोके ऐकू यायला लागले, मग एक करकर, आणि गाडी बाभळीच्या झाडापाशी जाऊन थांबली ती थांबलीच.

काका खाली उतरले. फेटा सारखा केला. दादांकडे बघून म्हणाले, "मी म्हणत होतो."

दादांनी काकू आणि आईला एका टेम्पोत बसवून लग्नाला पाठवून दिलं. काका खरं तर मुलीचे बाप, त्यांनी आधी जायला हवं होतं. पण ते हलेनात. त्यांना निकाल बघूनच जायचं होतं. एका कांद्याच्या ट्रॅक्टरनं आमची गाडी दोरानं ओढत पिंपळगावात आणली. तिथल्या एका पंपावरून दादांनी कॅम्पातल्या एका बंगल्यावर फोन लावला, त्यांनी मिस्त्रीला निरोप दिला, आणि तो एसटीनं दोन तासांत हजर झाला. हातात हत्यारांची पिशवी, कपाळावर घाम. आल्या आल्या त्यानं मला विचारलं, "तुम्हाला लागलं का कुठं?"

मग तो गाडीखाली शिरला. बोल्ट सोडला, वाटी खाली काढली आणि उजेडात आणून पालथी न करता तशीच धरली. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. आत फिल्टर उरलाच नव्हता. वर-खालच्या पत्र्याच्या दोन चकत्या आणि मधे राखाडी लगदा. तोच लगदा तेलाच्या वाटांमधून आत जाऊन बसला होता. मिस्त्रीनं थोडा बोटांवर घेतला आणि चोळला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. एवढंच. त्याला सगळं समजलं होतं.

आता हा बोलणार, की ताईंनी मला सांगितलं दुसरा फाडला म्हणून. आणि दादा काकांच्या हातात किल्ली देणार. मी स्वतःहून बोलायला हवं होतं, पण मी एक पाऊल मागे सरले.

मिस्त्री उठून उभा राहिला आणि दादांना म्हणाला, "साहेब, चूक माझी हाय. रिंग बसवताना दुमडली माझ्या हातनं. तेल दाबात आलंच नाय. ताईंचा काय दोष नाय यात."

दादा वाटीकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग एकदम म्हणाले, "तू स्वतःला मिस्त्री म्हणवतोस?"

तू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर पंपावरच्या माणसांसमोर, ट्रॅक्टरवाल्यासमोर, काकांसमोर दादांनी त्याचा जो पाणउतारा केला, तो मी इथे लिहीत नाही. तो खाली मान घालून हात पुसत उभा होता. अखेर काकाच म्हणाले, "जाऊ दे आता. मिस्त्रीच असला निघाला तर पोरीचा काय दोष?" किल्ली माझ्याकडे राहिली. आम्ही एसटी धरून चांदवडला गेलो, तोवर लग्न लागून गेलं होतं. मी जिलेबी खाल्ली. ती घशाखाली उतरली याचाच मला पुढे राग यायचा.

गाडी दुसऱ्या एका मोठ्या गॅरेजात दुरुस्त झाली. रिंग दुमडल्याची हकीकत दादा येईल त्याला सांगायचे. काका आले की हटकून विषय काढायचे आणि दादा पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. कॅम्पातले साहेबलोक दादांचे ओळखीचे, जुने. त्यांनीही ऐकलं. ज्याला रिंग बसवता येत नाही त्याच्याकडे जुनी गाडी कोण देणार? एकेक मोटार शेडमधून निघून गेली. मी शाळेत जाता-येता बघायची. आधी चार गाड्या उभ्या असायच्या, मग दोन, मग मिस्त्री एकटाच स्टुलावर बसलेला. पुढच्या दिवाळीच्या आत शेडला कुलूप लागलं. तो बायको-मुलं घेऊन परत मालेगावला गेला, मागांची दुरुस्ती करायला.

या पाच-सहा महिन्यांत मी त्याच्या शेडवर तीनदा गेले. पहिल्यांदा नुसती रडले, तेव्हा तो म्हणाला, "किल्ली हाय ना तुमच्याकडं? मग झालं." दुसऱ्यांदा मी म्हटलं, मी दादांना सांगते. तो चिडला. मी त्याला चिडलेलं तेवढंच एकदा बघितलं. "मी एकदा बोललो ते बोललो. आता तुम्ही तोंड उघडलं तर मी खोटारडा बी ठरतो आन बावळट बी." मला हे कारण फार सोयीचं वाटलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो नव्हता, आणि तो नव्हता म्हणून मला हायसं वाटलं. इतकी मी घसरले होते.

माझं लग्न झालं नाही. काका म्हणतात ते मोटारीमुळे. तसं काही नव्हतं, पण म्हणू द्यावं. मी गाडी चालवत राहिले. प्रत्येक वेळी दोन फिल्टर आणून एक स्वतःच्या हातानं फाडत राहिले. वस्तीतल्या तीन बायकांना मी त्या गाडीतून बाळंतपणासाठी दवाखान्यात पोचवलं, दादांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, शाळेच्या मुलींना सहलीला नेलं. लोक मोटारवाली बाई म्हणून ओळखायला लागले. जे काही मी झाले ते त्या किल्लीमुळे झाले, आणि किल्ली कुणामुळे राहिली हे मला दर खेपेला स्टार्टर ओढताना आठवायचं.

ऐंशीच्या दशकात नव्या छोट्या मोटारी रस्त्यावर दिसायला लागल्या. आमच्या गाडीचे भाग मिळेनात. दादा सत्तरीला आले होते. आम्ही गाडी विकायची ठरवली. एका रविवारी सकाळी पुण्याहून एक शौकीन गृहस्थ बघायला आले. बॉनेट उघडून त्यांनी विचारलं, इंजिन कधी खोललं होतं? दादा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सुरुवात केली, "एक मिस्त्री होता. रिंग दुमडून बसवली त्यानं."

मला काय झालं सांगता येत नाही. सात वर्षं ऐकत आले होते, तेव्हाही ऐकून घेतलं असतं. पण परक्या माणसासमोर, आता ज्याचा कशाशी संबंध उरला नव्हता त्याच्यासमोरही पुन्हा तेच? मी म्हटलं, "दादा, रिंग दुमडली नव्हती. मी एकच फिल्टर आणला होता. फाडला म्हणून खोटं सांगितलं मी त्याला."

ते गृहस्थ अवघडून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले. दादांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"रिंग मी पाहिली होती. खाचेत सरळ बसलेली होती. तीस वर्षं मी काय केलं, गवत उपटलं?"

"मग त्याला का बोललात तसं? सगळ्यांना का सांगत फिरलात?"

"मोठा भाऊ समोर उभा होता," दादा म्हणाले. "किल्ली दिली असती त्याच्या हातात तर तू उभी राहिली असतीस का पुन्हा? तो माणूस आपणहून पुढे झाला. मी घेतलं." मग म्हणाले, "एकदा सांगितलं की सांगतच राहावं लागतं."

मी त्यांच्यावर ओरडले. आई आतून धावत आली. इतक्या जोरात मी कधीच बोलले नव्हते त्यांच्याशी. पण ओरडताना मला पुरतं कळत होतं की मी करत होते तेच ते करत होते, त्याच घरात, एकाच पंगतीत जेवायला बसून, आणि दोघांनाही आपण एकटेच आहोत असं वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी एसटीनं मालेगावला गेले. विचारत विचारत त्याचा कारखाना सापडला. आत चाळीसेक माग चालू होते, कानावर पडलेला शब्द कळत नव्हता. तो एका मागाखाली उताणा पडून काहीतरी आवळत होता. मला बघून उठला आणि हसला. केस पांढरे झाले होते. त्यानं मला समोरच्या हॉटेलात नेलं, बाकडं स्वतःच्या रुमालानं पुसलं, दोन चहा सांगितले. "साहेब बरे हायेत ना?" हे त्याचं पहिलं वाक्य. मग आईचं विचारलं, मग गाडीचं.

मी म्हटलं, मी माफी मागायला आले आहे. तो म्हणाला, त्यात काय आता, पोरं शिकली, मोठा नोकरीला लागला, माग काय अन् मोटार काय, तेलच पुसायचं. "येकच मनात राहिलं बघा, ताई. साहेबांसारख्या माणसाशी मी खोटं बोललो. त्यांनी मला कधी अरे म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले ते बरोबरच हुतं, त्यांना खरं वाटलं ना. पण मला लय लाज वाटायची. नाशकाला चार-पाचदा आलो, तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलो. म्हटलं, कोणत्या तोंडानं त्यांच्यासमोर उभा राहू?"

मी गप्प राहायला हवं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते. पण मी तिथे खरं सांगायला गेले होते, आणि इतकी वर्षं गप्प राहून काय झालं ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, दादांना माहीत होतं. त्यांनी रिंग बघितली होती, त्याच दिवशी."

त्यानं कप खाली ठेवला. त्याला आधी नीट कळलं नाही. "पंपावर?"

"हो."

"मला बोलत हुते तवा?"

"हो."

तो रस्त्याकडे बघत बसला. सायकली जात होत्या, सुताचे गठ्ठे लादलेली एक हातगाडी गेली. "म्हंजे लाज त्यांना वाटायला पायजे हुती," तो हळूच म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "मग मी नाशकातनं कुनासाठी गेलो, ताई?"

तो उठला, चहा आपल्या खात्यावर मांडायला सांगितला आणि काम आहे म्हणाला. कारखान्याच्या दारात मी त्याला हात जोडले. त्यानंही जोडले, सवयीनं, आणि आत गेला.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दादा ओट्यावरच बसले होते, दुपारपासून तिथेच होते असं आई म्हणाली. मी चप्पल काढत होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, "माझं काही विचारलं का त्यानं?"

"विचारलं," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं हे मी सांगायच्या आधी."

दादांनी मान हलवली. आईनं ताटं घेतली आणि दोनदा हाक मारली, पण ते जेवायला आत आले नाहीत.